कोंडाजीच्या सहा सुऱ्या

"सहा सुऱ्या, त्याही न गंजणाऱ्या, आणि शनिवारच्या आत!" उद्धवरावांनी कपाळावर हात मारला. "पुण्यात कॅम्पातला दुकानदार सांगतो त्या भावात दुभती म्हैस येईल."

गेटवर बसलेला गेनबा हसला. पिंपरीच्या माळावर उभ्या राहणाऱ्या या कारखान्याचा तो पहारेकरी. त्याआधी तो माळ त्याचाच होता.

उद्धवराव बीडहून आलेले. साहेबलोकांचा भटारखाना सांभाळत. शनिवारी मुंबईचे मोठे साहेब जेवायला येणार होते. त्यांना भाजलेल्या मांसाचा जाड तुकडा लागे, आणि तो कापायला दातेरी सुरी. जेवण पसंत पडलं तर कामगारांच्या खानावळीचं कंत्राट उद्धवरावांना, नाहीतर गाशा गुंडाळायचा. त्यात इथला इंजिनियर साहेब महिनाभर नुसता खेकसत होता. मोठ्या टाकीचं झाकण म्हणे मुंबईच्या गोदीत अडकलं होतं.

"आमच्या रहाटणीच्या कोंडाजीकडं चला," गेनबा म्हणाला. "कॅम्पवाला तोंडात बोटं घालंल."

कोंडाजी लोहारानं भात्यामागून पोलादाचा एक तुकडा काढून दाखवला. आरशासारखा लख्ख! उद्धवरावांचे डोळे विस्फारले.

"कुठनं आणलंस हे?"

"आणतोय कुठनं? बलुत्याचं हाय."

उद्धवराव खो खो हसले. बलुत्यात लोहाराला जोंधळा मिळतो, हे बीडकडच्या माणसाला का ठाऊक नव्हतं? धंद्याचं गुपित कोण सांगतो, असं म्हणून त्यांनी विषय सोडला. भाव तर इतका कमी होता, की त्यांनी घासाघीस केली ती केवळ सवयीनं.

सुऱ्या झाल्या. बाभळीच्या मुठी, बारीक दाते. प्रत्येक पात्यावर कसलीशी इंग्रजी अक्षरं होती.

"घासून काढू का?" कोंडाजीनं विचारलं.

"छे छे, असू दे! अस्सल विलायती वाटतात," उद्धवराव म्हणाले. आनंदानं त्यांना धड बसवत नव्हतं.

शनिवारी मांस लोण्यासारखं कापलं गेलं. मोठे साहेब खूश. सुरी उलटीसुलटी करत त्यांनी हिंदीतच जाहीर केलं, "खानावळ तुमची!" उद्धवरावांना आकाश ठेंगणं झालं. श्रेय एकट्यानं कसं लाटायचं, म्हणून त्यांनी गेनबाला आत बोलावलं. तो फेटा सारखा करत आला.

"लोखंड कुठलं?" साहेबांनी विचारलं.

"आमच्याच रानातलं," गेनबा छाती फुगवून म्हणाला. "रानात येईल त्यातलं लोहाराचं आधी काढायचं, ही आमच्या बापजाद्यांची रीत. यंदा जोंधळा न्हाई. मग रानात जे व्हतं तेच दिलं. कोंडाजीला न्हाई कसं म्हणायचं?"

सगळे हसले. उद्धवराव सगळ्यांत मोठ्यानं.

इंजिनियर साहेब मात्र उठला होता. त्यानं सहाही सुऱ्या गोळा केल्या, पुसल्या आणि टेबलावर एकीला एक लावून ठेवू लागला. अक्षरं पुढेमागे सरकवत तो काहीतरी पुटपुटत होता.

"रानात काय होतं?" त्यानं मान वर न करता विचारलं.

"पेटी व्हती, साहेब. आत पेंढ्यात गुंडाळून ठेवलेलं," गेनबानं दोन्ही हात फाकवून भला मोठा गोल दाखवला, "एवढं थोरलं, झाकणावानी."