रिकामा रकाना

खिडकीमागच्या कारकुनाने नव्या चाचणी-पद्धतीच्या मंजुरीचा अर्ज चौथ्यांदा परत सरकवला. “मॅडम, प्राण्याचा रकाना रिकामा आहे.” संशोधक बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “अहो, क्रीमने पुरळ उठेल का, हे प्राण्यांना न छळता कळावं म्हणून तर लॅबमध्ये बशीत माणसाची कातडी वाढवली! तीन वर्षं घातली त्यात. एका क्रीमने ती कातडी बिघडली. चाचणी खरी ठरते का, या खात्रीसाठी तेच स्वतःच्या हाताला फासलं, हे बघा!” मनगटापासून कोपरापर्यंत लालभडक पुरळ होतं. कारकून चुकचुकला. “ते खरंय, पण रकाना भरल्याशिवाय अर्ज पुढे जात नाही. ससा, उंदीर, काहीतरी लिहा.” बाईंनी कराकरा हात खाजवला, पेन उघडून लिहिलं, ‘प्राणी: बाई. नग: एक.’ शेवटचा रकाना होता, ‘चाचणीनंतर प्राण्याची विल्हेवाट कशी लावली?’ कागद फाटेल इतक्या जोरात त्यांनी लिहिलं, ‘या खिडकीवर खेटे घालायला लावून.’