कवळीची चहाडी

चावण्याच्या जोरावर चालणारी मोरेश्वररावांची चिपवाली कवळी रात्रभर पाण्यात पडली तरी एकही घास विसरत नसे. साखरेचं पथ्य सांभाळायला सून हेमांगीनेच ती आणली होती. म्हणून सून कामावर जाताच त्यांनी कवळी काढली आणि शेजारच्या बारशाचे गुलाबजाम नुसत्या हिरड्यांनी फस्त केले. मग जेवायला पोटात जागाच उरली नाही.

संध्याकाळी हेमांगीने कवळीला फोन टेकवून दिवसभराच्या घासांची नोंद उघडली.

"गोड नाही ना काही?" मोरेश्वरराव ऐटीत म्हणाले.

"गोड नाही, पोळी नाही, भाजी नाही! बाबा, दिवसभर उपाशी? माझ्या हातचं एवढं नकोसं झालं?"

"छे गं! एकट्याला घास उतरत नाही, एवढंच."

"मग उद्यापासून मी घरूनच काम करते. रोज समोर बसून जेवू."

मोरेश्वररावांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ते बघून हेमांगीला आणखीच भरून आलं.