कामावरचा शर्ट

बॉस्टनच्या कॉलेजच्या आर्थिक मदत विभागातल्या बाई फोनवर तिसऱ्यांदा तेच म्हणाल्या, "सर, तुमचं उत्पन्न मदतीच्या मर्यादेपेक्षा जास्त आहे."

"अहो, माझ्या गाडीचं दार दोरीनं बांधलंय! मी कुठली मर्यादा ओलांडली? त्या एका हिवाळ्यात जादा काम केलं म्हणून आकडा फुगला. मी नोकरी करतो त्या गावातल्या कॉलेजच्या आवारातला बर्फ रोज पहाटे उपसला. कशासाठी? पोरीच्याच शिक्षणासाठी ना?"

"पण सर, तो हिवाळा दोन वर्षांपूर्वीचा, आणि मदतीच्या फॉर्मवर दोन वर्षांपूर्वीचंच उत्पन्न धरतात."

मी फोन आपटला. त्या कॉलेजनं माझ्या लेकीला, टेसाला, प्रवेश दिला होता आणि वर्षाला साठ हजार डॉलर मागितले होते. रात्री तिनं ते पत्र गुपचूप फ्रिजवरून काढून टाकलं.

एक मेला शाळेतली शेवटच्या वर्षाची मुलं आपण निवडलेल्या कॉलेजचा शर्ट घालून जातात. त्या सकाळी टेसा माझं कपाट उचकत होती.

"बाबा, तुझा कामावरचा शर्ट नेते. त्यावर कॉलेजचं नाव आहेच आणि आता माझंही कॉलेज तेच, आपल्या गावातलं. नवा विकत कशाला घ्यायचा?"

"अगं, त्याच्या पाठीवर भलंमोठं 'देखभाल विभाग' छापलंय. निदान केस तरी मोकळे सोड, म्हणजे झाकलं जाईल."

तिनं शर्ट चढवला आणि केस वर घट्ट बांधले.

"झाकायचं कशाला? ह्याच शर्टानं तर आपल्याला श्रीमंत केलंय!"