पहिली मूठ

नेरिमा म्हातारी काठी टेकत धाकट्या सुनेच्या शेताशी आली आणि थबकली. खणून ठेवलेल्या मातीत पंधरा-वीस होले उतरले होते. माना खाली घालून भराभर टिपत होते.

तिनं काठी आपटली. होले भुर्रकन उडून झाडावर बसले.

"नांझाला, रिकाम्या शेतात होले काय टिपतात गं?"

नांझाला दारातच थिजली. नाचणीच्या बियाण्याची टोपली तिच्या पायाशी पडली होती. तळाला चारच दाणे.

थोरल्या सुनेनं पहिली मूठ टाकल्याशिवाय धाकटीनं पेरायचं नाही. पेरलं, तर थोरलीच्या घरातलं माणूस जातं. सामिया लोकांच्या टेकड्यांत हे पोरीबाळींनाही ठाऊक होतं. पण त्या वर्षी थोरली अचिएनो पाच दिवस तापानं पडून होती, आणि जमिनीतली ओल रोज बोटभर खाली चालली होती.

"आजच तुझ्या बापाला निरोप धाडते," नेरिमा म्हणाली. "येऊन घेऊन जा म्हणावं लेकीला."

"आत्याबाई, पोरं दोन्ही वेळा नुसता कसावा खातात. ओल गेली असती तर..."

"मी पेरलंय आधी."

पलीकडच्या झोपडीच्या दारात अचिएनो उभी होती. अंगावर घोंगडी, हात चौकटीवर.

"तू? काल तुला पाणी प्यायला उठवत नव्हतं!"

"पहाटे ताप उतरला. माझ्या शेतात एक मूठ टाकली नि हिला म्हटलं, आता तू लाग."

"तुझ्या शेतात तर एक होला नाही."

"एका मुठीनं त्यांचं पोट भरतंय होय? तिथलं संपवून इकडं आले. विचारा की त्यांनाच."

नेरिमा हसली नाही. तिनं काठीनं टेकडीखाली दाखवलं. तिथं सरोवर चकाकत होतं.

"ओगुटूची शपथ घे."

ओगुटू अचिएनोचा एकुलता एक. परवापासून बापाबरोबर जाळी घेऊन पाण्यावर होता.

अचिएनोनं ओठ ओले केले.

"ओगुटूची शपथ."

म्हातारी तिच्याकडे पाहत राहिली. मग वळली. काठीचा आवाज केळींमागे गेला तशी नांझाला धावत आली आणि थोरलीच्या पायांशी बसली.

"अक्का, तुम्ही..."

"ऊठ. रडू नकोस, डोळे पूस. तुझी नजर तरणी आहे. पाण्याकडे बघ. आपल्या शिडाला लाल ठिगळ आहे. दिसलं की सांग."

दोघी शेताकडे पाठ करून उभ्या राहिल्या. अचिएनोची बोटं धाकटीच्या दंडात रुतली होती.

मागे पंख फडफडले. होले पुन्हा शेतात उतरले होते. नांझालानं वळून पाहिलं नाही.