उडालेला आकडा

संसर्गामुळे मुलुंडच्या हॉस्पिटलात शालनबाईंना नवऱ्याजवळ सोडत नव्हते; फोन केला की 'पेशंट स्टेबल आहे' एवढंच. शेवटी लेक नमिताने त्यांना समोरच्या बिल्डिंगच्या गच्चीवर नेलं. आपल्या नव्या कॅमेऱ्याला बाबांची जुनी लांबलचक लेन्स अडॅप्टरने जोडून वॉर्डाची खिडकी धरली. स्क्रीनवर सगळंच थरथरत होतं. "लेन्स किती मिलिमीटरची ते सांगितलं तरच कॅमेरा थरथर थांबवतो गं. पण लेन्सवरचा आकडाच उडालाय." "तीनशे," शालनबाई म्हणाल्या. "ती अडगळ जन्मभर मीच पुसत आल्येय. पुसून पुसून आकडाही मीच उडवला." नमिताने तीनशे टाकलं. खिडकी स्थिरावली. बाबा उठून बसले होते. नर्सची पाठ वळताच त्यांनी शेजारच्याचं केळं उचलून चादरीआड सोलायला घेतलं. "शुगर आहे ना त्यांना!" नमिता ओरडली. शालनबाईंनी पदराने स्क्रीन पुसली. "चोरून खातायत ना? मग बरे आहेत."