नवरंगाची शीळ

गोरेगावच्या टेकडीमागच्या झाडीत नवरंग पक्ष्याची जोडी दिसली, तेव्हा संघमित्राने धाकट्या भावाच्या, प्रबुद्धच्या फोनवर नराची शीळ टिपून घेतली. आठवण म्हणून.

पुढच्याच पावसाळ्यात फोटोवाले आले. ते झुडपात स्पीकर लपवून नवरंगाची शीळ वाजवायचे. दुसरा नर घुसला असं वाटून बिचारा घरटं टाकून भांडायला धावायचा, आणि मागे कावळे अंडी फस्त करायचे. संघमित्रा ओरडत पोचेपर्यंत सगळे पसार झालेले असायचे. "पार वाट लावली गं यांनी, ताई," म्हणत प्रबुद्ध तिच्याहून जास्त चिडायचा. मग नवरंग यायचेच बंद झाले.

आज कितीतरी वर्षांनी झाडीतून तीच शीळ आली. संघमित्रा जागीच थबकली. तिचे डोळे भरून आले. पाचोळाही वाजू न देता ती झुडपाजवळ सरकली. शीळ दोनदा घुमली आणि थांबली.



मग झुडपातून तिचाच दबका आवाज आला, "प्रबुद्ध, हे कुणाला पाठवू नको हं."