डोक्याखालची ओढणी

पार्किंगमध्ये विघ्नेश धाडकन आडवा झाला आणि हातपाय झाडायला लागला, तशी सगळी भुतं खिदळत सुटली. भुतं म्हणजे सोसायटीचीच पोरं. कुणी आईची जुनी साडी गुंडाळलेली, कुणी तोंडाला पावडर फासलेली. चंदनसारच्या या सोसायटीत दिवाळीचे कंदील उतरायच्या आतच हॅलोविन येतो. यंदा त्यात सुहासिनीकाकूंनी नवं खूळ काढलं होतं. जन्मभर नर्सची नोकरी केलेली बाई, नुसती चॉकलेटं वाटून गप्प कशी बसेल? फिट येते तेव्हा माणसाला भूतबीत काही लागलेलं नसतं, हे त्यांना या भुतांनाच शिकवायचं होतं.

पहिला पेशंट झालेल्या विघ्नेशनं जीभ बाहेर काढली, डोळे गरागरा फिरवले. सगळ्यात जास्त हसत होती ती नेहल. कवटीचा मुखवटा डोक्यावर सरकवून, पोट धरधरून हसत होती कार्टी. मागे खुर्चीत बसलेली तिची आई, अश्लेषा, तेवढी हसत नव्हती.

नेहलला फिट येते, हे अख्ख्या सोसायटीत फक्त तिच्या आईबापांना ठाऊक होतं. खुद्द नेहललाही नाही. तुला चक्कर येते, अंगात रक्त कमी आहे, म्हणून रोजची गोळी, एवढंच तिला सांगितलेलं. पोरीची जात, उद्या लोक काय म्हणतील, या धाकानं अश्लेषानं तोंडाला कुलूप घातलं होतं.

सुहासिनीकाकूंनी विघ्नेशला उठवलं. यात हसण्यासारखं काही नाही, असं शांतपणे सांगितलं आणि आता पेशंट कोण होणार म्हणून विचारलं. नेहलचा हात सगळ्यांच्या आधी वर. अश्लेषा अर्धवट उठली. पण नको म्हणावं तर कारण काय सांगणार? बसली परत.

मुखवटा काढून ठेवून नेहल चटईवर पडली आणि हसू दाबत तिनंही विघ्नेशसारखे हातपाय झाडले. काकू सांगत गेल्या तसं पोरं करत गेली. दाबून धरायचं नाही, कांदा-चप्पल हुंगवायची नाही, तोंडात पाणी नाही की चमचा नाही. डोक्याखाली मऊ काहीतरी हवं, म्हणून पोरांतली आर्या धावत येऊन अश्लेषाकडे ओढणी मागू लागली. तिनं मुकाट्यानं काढून दिली. झटके थांबल्यावर पोरांनी नेहलला कुशीवर वळवलं. आता शुद्धीवर येईपर्यंत हिच्याजवळ बसायचं आणि हळू आवाजात बोलायचं, असं काकूंनी सांगितलं.

"नेहल," आर्या तिच्या कानाशी म्हणाली, "घाबरू नको हं. मी इथेच आहे."

नेहलचं हसू थांबलं. गालाखालच्या ओढणीकडे ती बघत राहिली, मग उठून बसली.

"काकू, ही तर माझी चक्कर आहे," ती म्हणाली. "मला जाग येते तेव्हा मी अशीच असते. कुशीवर. डोक्याखाली आईची ओढणी. आणि आई पण हेच म्हणते."

काकूंनी एकदा अश्लेषाकडे पाहिलं आणि नजर वळवली. विघ्नेश तर एका खांबाआड जाऊन उभा राहिला.

अश्लेषा उठून आली आणि लेकीशेजारी चटईवर बसली. इतकी वर्षं तिनं सगळं बरोबर केलं होतं. सांगायचं तेवढं राहिलं होतं, आणि ते आता सगळ्यांदेखत सांगून झालं होतं, तेही पोरीच्याच तोंडून.

"म्हणजे मी विघ्नेशनं केलं तशी दिसते?" नेहलनं विचारलं.

अश्लेषानं लेकीला जवळ ओढायला हात पुढे केला. नेहलनं अंग चोरलं. बाजूला ठेवलेला कवटीचा मुखवटा तिनं उचलला, तोंडावर चढवला आणि तशीच बसून राहिली.